महापेशी-अर्बुद : पाय राखण्याचा इतिहास

भातलावणीच्या चिखलांत दिवसभर वांकून उभें राहणाऱ्या परंदवडीच्या शेतकऱ्यास गुडघ्याचें मोल सांगावें लागत नाहीं. ह्याच गुडघ्यालगतच्या हाडांत, बहुधा २० ते ४० ह्या उमेदीच्या वयांत, एक अर्बुद उद्भवतें. सूक्ष्मदर्शकांतून पाहतां त्यांत पुष्कळ केंद्रकें असलेल्या मोठाल्या पेशी दिसतात. म्हणून त्यास महापेशी-अर्बुद म्हणावें.

१८१८ सालीं इंग्लंडांत कूपर व ट्रॅव्हर्स ह्या शस्त्रवैद्यांनीं त्याचें वर्णन केलें. परंतु घातक अर्बुद कोणतें व हें कोणतें, हा भेद पुढें कित्येक वर्षें धड ठरला नाहीं, आणि संशयापायीं पाय कापले जात. १८६० मध्यें नेलाटाँ ह्या फ्रेंच वैद्यानें तें सौम्य असल्याचें मांडलें. १९१२ सालीं अमेरिकेंतील ब्लडगुड ह्यानें अर्बुद खरवडून काढावें, पोकळींत दुसरें हाड बसवावें व पाय राखावा, असा पक्ष घेतला. १९४० मध्यें जॅफे व त्याच्या सहकाऱ्यांनीं तत्सदृश रोगांपासून तें निराळें काढलें. बोटाच्या कंडरेच्या आवरणावर अशाच पेशींची जी गांठ येते, ती स्वतंत्र व्याधि होय.

पुढल्याच वर्षीं, २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं, मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं वाहिली. तळेगांवास आगगाडींत बसून घाट उतरणाऱ्या मावळच्या रोग्यासहि सूक्ष्मदर्शकाचा निवाडा अशा रीतीनें आवाक्यांत आला.

ह्या इतिहासांतील नवल असें कीं, ज्या महापेशींवरून नांव पडलें त्या मूळ अपराधी नव्हेत. त्यांच्याभोवतींच्या लहान पेशी त्यांना बोलावून हाड खावयास लावतात. ही हांक थोपविणाऱ्या डेनोसुमॅब औषधास २०१३ सालीं अमेरिकेंत ह्या रोगासाठीं मान्यता मिळाली. तथापि शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय राहिला आहे. खरवडल्यावरहि अर्बुद पुन्हां उद्भवूं शकतें, व क्वचित् फुप्फुसांतहि पोंचतें. म्हणून वर्षानुवर्षें तपासणी हवी.

गुडघ्याची सूज व ठणका लचक समजून महिनोन् महिने चोळीत बसल्यास हाड आंतून पोखरलें जातें आणि एखाद्या साध्या ठेंचेनें मोडतें. क्ष-किरणाचें चित्र वेळींच घेतलें, तर शंभर वर्षांपूर्वीं कापला गेला असता तोच पाय पुढच्या आषाढांत पुन्हां चिखलांत उभा राहूं शकतो.