टू-इन-वनचे दिवस



स्मरणिकेत विहाराच्या इमारतीचा, देणगीदारांचा, कार्यकर्त्यांचा इतिहास येतो. तो यायलाच हवा. पण आम्ही आज एका वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. एकेकाळी ती चाळीतल्या खोलीत फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली दिमाखात बसायची. तिचं नाव टू-इन-वन. एकाच पेटीत रेडिओ आणि कॅसेटचा टेप. आज ती माळ्यावर धूळ खाते, नाहीतर भंगारवाल्याकडे गेली.

कॅसेट जन्मली १९६३ साली. फिलिप्स कंपनीतले इंजिनिअर लू ओटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बनवली व बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली. त्याआधीचे टेप मोठ्या उघड्या चक्रांचे, फीत हाताने ओवावी लागायची. कॅसेट खिशात मावायची. फिलिप्सने हा नमुना इतर कंपन्यांनाही मोफत वापरू दिला, म्हणून कुठलीही कॅसेट कुठल्याही यंत्रात चालू लागली. पुढे तिला रेडिओची जोड मिळाली, वर मूठ आली, मागे सेल आले. वीज नसली तरी पेटी बोलायची.

या पेटीची खरी किंमत गरिबांनी ओळखली. न्यूयॉर्कच्या काळ्या आणि लॅटिन वस्त्यांतली पोरं १९७० नंतरच्या दशकात ती खांद्यावर घेऊन रस्त्यावर उतरली. ते तिला बूमबॉक्स म्हणत. ज्यांना मोठ्या सभागृहात कोणी बोलावत नव्हतं, त्यांचं गाणं फुटपाथवर वाजू लागलं. त्यांच्याच ब्लॅक पँथरवरून प्रेरणा घेऊन १९७२ साली आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्याला ठाऊक आहेच. १९८९ साली स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटात रेडिओ रहीम नावाचा तरुण आहे. त्याच्या बूमबॉक्सवरून भांडण पेटतं आणि पोलिसांच्या हातून त्याचा जीव जातो. तो बूमबॉक्स आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात जपून ठेवला आहे.

आपल्याकडे काय झालं? रेकॉर्डचा धंदा अनेक वर्षं एका एचएमव्हीच्याच हातात होता. रेडिओवर कामगारांसाठी ‘कामगार सभा’ लागायची, ती सगळी चाळ ऐकायची. पण रेडिओने बोलायचं, आपण ऐकायचं, एवढाच तो व्यवहार. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, छोट्या कंपन्या निघाल्या आणि वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही नावं घराघरांत वाजू लागली. ६ डिसेंबरला दादरला गेलेला माणूस पुस्तक आणि कॅसेट घेतल्याशिवाय परतत नसे.

आणि टू-इन-वनमध्ये लाल बटण होतं, हे विसरून चालणार नाही. लाल बटण आणि प्ले एकदम दाबलं की आपला आवाज टेप व्हायचा. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्यासाठी ती वहीच होती.

आमच्या वडिलांनी आखाती देशातून आलेल्या शेजाऱ्याकडून हप्त्याने टू-इन-वन घेतला होता. १९८१ च्या जयंतीला चाळीच्या पटांगणात गाण्याचा कार्यक्रम झाला, तो त्यांनी टेप केला. त्याच कॅसेटवर आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्याही घेतल्या. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठचे दोन्ही चौकोनी तुकडे मोडून टाकले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. घरातली पितळेची भांडी गेली, वडिलांचं घड्याळ गेलं, पण टेप विकला नाही.

पुढे १९८६ साली, आजी गेल्यानंतर, आम्ही काय केलं? कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते. मोडलेल्या जागी कागद चिकटवला आणि त्या ओव्यांवर रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. रात्रपाळी करून वडील आले, त्यांनी कॅसेट लावली. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. एक शब्द बोलले नाहीत. कॅसेट डब्यात घालून ठेवली. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं आम्हाला आजही वाटतं.

नंतर आम्हीही गिरणीत बदली म्हणून लागलो. गिरणी बंद झाली, वडील गेले, त्या जागी टॉवर आले. ती कॅसेट आहे, आजीचा आवाज नाही.

बाबासाहेबांचा १९५५ सालचा बीबीसीवरचा आवाज आज आपल्या पोरांना ऐकू येतो, कारण कोणीतरी तो जपला. आपल्या माणसांचा आवाज कोण जपणार? कॅसेटच्या फितीवर सहसा लोखंडाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा थर असतो. मुंबईच्या दमट हवेत तिला बुरशी धरते, थर सुटतो, फीत चिकटते.

म्हणून एक विनंती. माळ्यावरचे डबे उतरवा. हाताने लिहिलेली चिठ्ठी असलेली प्रत्येक कॅसेट वेगळी काढा. पाठचे तुकडे आधी मोडा. बुरशी दिसली तर लावून बघू नका, जाणकाराला दाखवा. बाकीच्या विहारात आणा. चालू टेप कोणाकडे असेल तर तोही आणा. घरातल्या पोरांना ते कॉम्प्युटरवर उतरवता येतं. कोणाचा आवाज, कोणतं साल, एवढं कागदावर लिहून द्या.

आमच्या हातून जे झालं, ते दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये.

जयभीम. नमो बुद्धाय.