गोष्ट आटोपते, कादंबरी निभवावी लागते

आपल्या मंडळाच्या अंकात मी आजवर तीन कथा लिहिल्या. त्या हुरुपात गेल्या वर्षी कादंबरी लिहायला घेतली आणि चौथ्या प्रकरणात गाडी जी अडली ती अडलीच! मग वाटलं, आपल्याकडे ज्यांनी हे सुरुवातीला केलं, त्यांनी कसं निभावलं असेल?

१८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते ओळखलं जातं. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात आणि वाटेत एकेका विधवेची कहाणी त्यांना कळत जाते. विषय जळजळीत, पण बांधणी एका दोऱ्यात ओवलेल्या गोष्टींची.

हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. त्यात त्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः छापली. छोट्या ‘स्फुट गोष्टी’ही ते लिहीतच होते.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर गोष्ट म्हणजे छोटा प्रोग्रॅम; लिहिला, तपासला, देऊन टाकला. क्रमशः कादंबरी म्हणजे लोक रोज वापरत असलेली सिस्टिम. पहिलं प्रकरण वाचकांच्या हातात पडलं की ते बदलता येत नाही. पुढचं सगळं त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

मग एवढा खटाटोप कशाला? यमूचा नवरा जातो आणि तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. हा प्रसंग एका कथेतही मावला असता. वाचक हळहळला असता आणि त्याने पान उलटलं असतं. पण इथे यमू स्वतःच आपली हकीकत सांगते. तिचं बालपण, सासर, शिकवणारा नवरा, मुंबईतले सुखाचे दिवस, सगळं आपण तिच्याबरोबर काढलेलं असतं. त्यामुळे तो वस्तरा आपल्याच घरातल्या मुलीच्या डोक्यावरून फिरतो.

माझी चूक इथे कळली. मी एकच प्रसंग चार प्रकरणं ताणत होतो. त्यातली माणसं वाढतच नव्हती.

खुद्द हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हे वाचून मात्र जरा धीर आला! चौथं प्रकरण पुन्हा उघडलंय. तोवर हा छोटासा लेखच फराळाबरोबर गोड मानून घ्या.