संगणक-मंडळांचीं पत्रकें व एका पत्राचा काल

संगणक वापरणारांनीं एकत्र जमून आपलें ज्ञान परस्परांस द्यावें, ही पद्धति १९७५ सालीं निघाली असा समज आढळतो. तो ग्राह्य नाहीं. आय.बी.एम. ७०४ हें यंत्र घेणाऱ्या अमेरिकेंतील संस्थांनीं १९५५ सालींच 'शेअर' नांवाचें मंडळ स्थापून आज्ञावलींची देवघेव आरंभिली होती. १९७५ मध्यें नवें घडलें तें इतकेंच कीं, संस्थांच्या जागीं हौशी व्यक्ति आल्या.

ता. ५ मार्च १९७५ रोजीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारखान्यांत 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'ची पहिली बैठक भरली. फ्रेड मूर हे दुसरे संस्थापक. मंडळाचें पत्रक त्याच महिन्यांत निघूं लागलें. पुढें 'ॲपल १' म्हणून प्रसिद्धीस आलेल्या यंत्राचे आराखडे स्टीव्ह वॉझ्निॲक यांनीं येथेंच सभासदांस विनामूल्य दिले.

याच पत्रकांत बिल गेट्स यांचें हौशी मंडळींस उद्देशून लिहिलेलें अनावृत पत्र आहे. 'अल्टेअर' यंत्र घेणारांपैकीं शेंकडा दहांहूनही कमी लोकांनीं आमची 'बेसिक' विकत घेतली. ती तयार करण्यास लागलेल्या यंत्रकालाचेंच मोल ४०,००० डॉलरांवर जातें. सबब फुकट नकला करणें ही चोरी होय, असा त्याचा आशय.

पत्रावर मिति ३ फेब्रुवारी १९७६ ची आहे. परंतु तें ज्या अंकांत छापलें तो दुसऱ्या वर्षाचा पहिला अंक जानेवारी १९७६ चा आहे. अर्थात् अंक ३ फेब्रुवारीनंतरच वाचकांच्या हातीं पडला असला पाहिजे. मथळ्यावरील महिना हा प्रकाशनकाल मानूं नये, हा नियम येथेंही लागू पडतो.

यावरून दुसरा एक निर्णय करितां येतो. 'टायनी बेसिक' ही मुक्तपणें वाटलेली भाषा या पत्रास उत्तर म्हणून जन्मली, असें म्हणतां येत नाहीं. डेनिस ॲलिसन यांनीं तिची रूपरेषा 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी'च्या पत्रांतून १९७५ मध्येंच मांडली होती. म्हणजे वाटून घेण्याची वृत्ति आधींची, तक्रार मागाहूनची.

कर्त्याच्या श्रमाचें मोल कीं नकलेची मोकळीक, हा वाद पोथ्या व दप्तरें धुंडाळणारांस अपरिचित नाहीं. मालकानें नक्कल घेऊं न दिल्यामुळें नष्ट झालेले कागद त्यांस ठाऊक आहेत. होमब्रू मंडळ १९८६ सालीं संपलें. त्याचीं पत्रकें उरलीं म्हणूनच या वादाचा क्रम आज लावितां येतो. अशीं क्षुल्लक भासणारीं चिटोरीं संग्राहकांनीं तारीखवार जपावीं.