फेहरिस्तीपासून संगणकापर्यंत

गेल्या वर्षी नववीच्या मुलामुलींना घेऊन मी एका सार्वजनिक ग्रंथालयात गेलो होतो. प्रत्येकाने एक छापील चिठ्ठी भरून आपल्या आवडीचे पुस्तक मागवावयाचे होते. चिठ्ठीवर तीनच रकाने होते : शीर्षक, लेखक व विषय. सर्वांनी चिठ्ठ्या भरून दिल्या. उर्दू माध्यमातून नुकतीच आमच्याकडे आलेली एक मुलगी मात्र कोरी चिठ्ठी हातात धरून बाकावर बसून राहिली. जवळ जाऊन विचारले तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, शीर्षक म्हणजे काय?" मी म्हणालो, "उन्वान." तिने लगेच चिठ्ठी भरली. पुस्तकाचे नाव तिला ठाऊक होते, लेखकाचे नावही ठाऊक होते. अडले होते ते एका शब्दापाशी. तिने विचारले नसते तर ती रिकाम्या हाताने घरी गेली असती आणि आम्ही शिक्षक म्हणालो असतो की हिला वाचनाची आवड नाही.

हा प्रश्न एका मुलीचा नाही. आपली मुले घरी एक बोली बोलतात, शाळेत उर्दूतून किंवा मराठीतून शिकतात आणि महाविद्यालयात जाताच त्यांची गाठ इंग्रजीशी पडते. ग्रंथालयातील कॅटलॉग, इंडेक्स, संगणकावरील फाइल, डेटा, अल्गोरिदम हे शब्द कानावर पडले की हे जग आपले नव्हे, अशी भीती त्यांच्या मनात बसते. परंतु या शब्दांचा इतिहास पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. हे शब्द कोणा एका भाषेची मिरासदारी नाहीत. त्यांतील कित्येकांची भावंडे आपल्या घरात, बाजारात आणि कचेरीत आधीपासून नांदत आहेत. त्यांची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यादी करणारे लोक

पुस्तके जमली की त्यांची यादी लागते. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील प्रसिद्ध ग्रंथसंग्रहासाठी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कॅलिमॅकस या ग्रीक कवीने ग्रंथकारांची व ग्रंथांची विषयवार यादी तयार केली. ती १२० गुंडाळ्यांची होती असे सांगतात. कॅटलॉग हा शब्दही ग्रीकच असून त्याचा अर्थ यादी असा आहे.

त्यानंतर सुमारे बारा शतकांनी बगदाद शहरात इब्न अल-नदीम नावाचा एक पुस्तकविक्रेता होऊन गेला. त्याने हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इ. स. ९८७-८८ च्या सुमारास, अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची एक मोठी सूची सिद्ध केली. तिचे नाव 'किताब अल-फिहरिस्त'. तिचे दहा भाग आहेत. धर्मग्रंथ, व्याकरण, इतिहास, काव्य, कायदा यांबरोबरच तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक, कथा आणि रसायन यांनाही तिच्यात स्थान आहे. भारत व चीन येथील लोकांच्या श्रद्धांची माहितीही त्याने नोंदवून ठेवली. त्याने नोंदविलेले पुष्कळ ग्रंथ आज नष्ट झाले आहेत. ते कधी काळी अस्तित्वात होते हे आपणास कळते ते या यादीमुळेच.

फेहरिस्त हा शब्द मूळचा फारसी. उर्दू पुस्तकाच्या आरंभी अनुक्रमणिकेच्या जागी तो आजही छापला जातो आणि जुन्या मराठीतही तो 'फेरिस्त' या रूपात वावरत होता. आपण रोज वापरतो तो 'यादी' हा शब्द फारसी 'याद' वरून आला. जे आठवणीत ठेवावयाचे ते लिहून काढले की ती यादी झाली.

पुस्तकविक्रेत्याला त्या काळच्या अरबीत वर्राक म्हणत. वरक म्हणजे पान. वर्राक कागद विकी, ग्रंथांच्या नकला करून घेई व त्या विकी. तोच वरक आपल्याकडे मिठाईवर चढला आणि त्याचा 'वर्ख' झाला. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याच्या शेजारी मांडलेल्या बर्फीवर आणि ग्रंथालयातील कपाटात एकच शब्द आहे, हे मुलांना सांगितले की त्यांना मोठी गंमत वाटते.

इंडेक्स या शब्दाचीही गोष्ट अशीच आहे. लॅटिन भाषेत इंडेक्स म्हणजे दाखविणारा, तसेच अंगठ्याशेजारचे बोट. पुस्तकाच्या शेवटी दिलेला इंडेक्स म्हणजे 'हे पहा, अमुक गोष्ट अमुक पानावर आहे' असे दाखविणारे बोटच. मराठीत आपण त्याला सूची म्हणतो. सूची आणि सूचना हे शब्द एकाच कुळातील. दोहोंचे काम दाखवून देण्याचे.

दफ्तर, जिल्द आणि रुमाल

आपली मुले रोज पाठीवर जे घेऊन शाळेत येतात त्या दफ्तराचा प्रवास तर फारच लांबचा आहे. ग्रीक भाषेत 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. पूर्वी कातड्यावर लिहीत असत. हा शब्द फारसी व अरबीतून फिरत फिरत 'दफ्तर' झाला. त्याचा अर्थ प्रथम हिशेबाची वही, मग सरकारी कागदपत्रे व कचेरी असा झाला आणि मराठीत शेवटी शाळेची पिशवी असाही झाला. पुस्तकबांधणीला आपण जिल्द म्हणतो. अरबीत जिल्द म्हणजेही कातडे.

पुण्याचे पेशवे दफ्तर इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्यातील मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असतात व त्या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. इंग्रजीतील फाइल या शब्दाचे मूळही असेच साधे आहे. लॅटिन 'फिलम' म्हणजे दोरा. कागद दोऱ्यात ओवून ठेवीत, म्हणून ती फाइल. कोणी कागद दोऱ्यात ओवले, कोणी रुमालात बांधले. आज संगणकाच्या पडद्यावर ना दोरा दिसतो ना रुमाल, पण नाव फाइलच राहिले.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्यातून मराठीला शब्दांचा एक नवा साठा मिळाला. तरीही दफ्तर, तपशील, मजकूर, हिशेब हे शब्द मराठीत टिकले. भाषेने दोन्ही प्रकारचे शब्द जवळ केले आणि ती श्रीमंत झाली.

शून्य आणि सिफ्र

आता संगणकाकडे वळू. संगणकाचा सारा कारभार शून्य व एक या दोन अंकांवर चालतो. शून्याने गणित कसे करावे याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात दिले. भारतीय अंकपद्धती पुढे बगदादला पोहोचली. अरबांनी 'शून्य' या शब्दाचा अर्थ पाहून त्याला 'सिफ्र', म्हणजे रिकामे, असे नाव दिले. फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने १२०२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात सिफ्रचे 'झेफिरम' केले आणि त्यातून पुढे झीरो हा शब्द निघाला. गुप्त लिपीला इंग्रजीत सायफर म्हणतात, तोही याच सिफ्रचा वंशज.

खलिफा अल-मामूनच्या काळात (इ. स. ८१३ ते ८३३) बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी हा विद्वान काम करीत होता. ख्वारिज्म हा मध्य आशियातील प्रांत. त्यावरून त्याचे नाव पडले. त्याच्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' वरून अल्जिब्रा हा शब्द आला. भारतीय अंकांवरही त्याने एक पुस्तक लिहिले. त्याचे मूळ अरबी हस्तलिखित आज मिळत नाही, परंतु बाराव्या शतकातील लॅटिन रूपांतर उपलब्ध आहे. त्यात लेखकाचे नाव 'अल्गोरिझ्मी' असे झाले. पुढे लोक विसरले की हे माणसाचे नाव आहे आणि त्या रीतीलाच अल्गोरिदम म्हणू लागले. उदाहरण पायरीपायरीने सोडविण्याची ठरलेली रीत म्हणजे अल्गोरिदम. हातच्याची बेरीज करणारे तिसरीतील मूलही अल्गोरिदमच वापरीत असते.

कॉम्प्यूटर हा शब्द इंग्रजीत पूर्वी माणसासाठी होता. आकडेमोड करणाऱ्या कारकुनाला कॉम्प्यूटर म्हणत. यंत्र आले तेव्हा प्रत्येक भाषेने आपल्या परीने नाव शोधले. मराठीने 'गण्' या धातूवरून संगणक केला. अरबीने 'हासूब' केला. त्याच्या मुळाशी जे 'हिसाब' आहे तोच आपला हिशेब. फ्रेंचांनी १९५५ मध्ये 'ऑर्दिनातर', म्हणजे व्यवस्था लावणारा, असे नाव घेतले. डिजिटल या शब्दात लॅटिन 'डिजिटस', म्हणजे बोट, आहे, कारण माणूस प्रथम बोटांवर मोजावयास शिकला. अरबीत डिजिटलला 'रकमी' म्हणतात. रकम म्हणजे आकडा. आपण वाण्याच्या वहीत मांडतो ती रक्कम हीच.

फसवे शब्द

मात्र सारखे दिसणारे सर्वच शब्द सारख्या अर्थाचे नसतात, याची जाणीव विद्यार्थ्यांनी ठेवावी. मराठीत संशोधन म्हणजे नवे ज्ञान शोधून काढणे. हिंदी वर्तमानपत्रात 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती. उर्दूत संशोधनाला तहकीक म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी 'हक', म्हणजे सत्य, आहे. उर्दूतील किताब म्हणजे पुस्तक; मराठीत कुस्तीगीर जो किताब जिंकतो तो 'खिताब' या निराळ्या शब्दापासून आला. फ्रेंचमध्ये 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकाचे दुकान. ग्रंथालयाला ते 'बिब्लिओतेक' म्हणतात. अरबीतील 'मक्तबा' मात्र दोन्ही अर्थांनी चालतो. म्हणून शब्द ओळखीचा वाटला तरी तो कोणत्या भाषेत उभा आहे, हे आधी पाहावे.

हे ज्ञान उपयोगाचे कसे?

ग्रंथालयाच्या कपाटांवरील आकड्यांना विद्यार्थी बिचकतात. मेलविल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये सर्व ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडून प्रत्येकाला क्रमांक दिले. आपल्या देशात डॉ. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये आपली स्वतंत्र 'कोलन' पद्धती प्रसिद्ध केली. ते मूळचे गणिताचे शिक्षक होते. ड्यूईच्या पद्धतीत उर्दू साहित्याचा क्रमांक ८९१.४३९ आहे आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. म्हणजे एकाच कपाटात चार पावले सरकले की उर्दूतून मराठीत जाता येते.

संगणकावर माहिती शोधतानाही तीन लहान शब्द फार कामास येतात : आणि, किंवा, नाही. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ मध्ये या शब्दांचे गणित मांडले. तो एका चांभाराचा मुलगा होता व सोळाव्या वर्षापासून शाळेत शिकवून घर चालवीत होता. 'कापूस आणि खानदेश' असे शोधले तर दोन्ही शब्द असलेले लेखच मिळतात, म्हणजे यादी आटोपशीर होते. 'हिशेब किंवा हिशोब' असे शोधले तर ती वाढते. एकच नाव निरनिराळे लोक निरनिराळे लिहितात. अशा वेळी 'किंवा' फार उपयोगी पडते. ज्याला एका वस्तूची दोन-तीन भाषांतील नावे ठाऊक आहेत त्याला दोन-तीन दारे उघडी असतात. या बाबतीत आपली बहुभाषिक मुले मागे नाहीत, पुढे आहेत. फक्त त्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

पालकांना माझी एक विनंती आहे. घरात एक वही ठेवावी. तिच्यात तीन रकाने आखावेत : उर्दू, मराठी व इंग्रजी. उन्वान, शीर्षक, टायटल; मुसन्निफ, लेखक, ऑथर; फेहरिस्त, सूची, इंडेक्स. रोज एक ओळ भरली तरी वर्षभरात तीनशेपेक्षा अधिक ओळी होतील. आईवडिलांना लिहिता येत नसेल तर त्यांनी शब्द सांगावेत व मुलांनी लिहावेत. आजीच्या तोंडी असलेले पुष्कळ शब्द या वहीत बसतील.

आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की, शब्द अडला तर विचारा. ती मुलगी आता दर शनिवारी ग्रंथालयात जाते. परवा तिने पहिल्यांदाच आलेल्या एका लहान मुलाची चिठ्ठी भरून देताना मी पाहिले. 'शीर्षक' या शब्दावर बोट ठेवून ती त्याला सांगत होती, "इथे उन्वान लिही."