कार्डिओव्हर्जन म्हणजे काय? त्याआधी गोळी चुकवून का चालत नाही?

हृदयाचे ठोके बिघडले की डॉक्टर कधीकधी कार्डिओव्हर्जन सुचवतात. म्हणजे रुग्णाला थोडा वेळ गुंगी देऊन छातीवर विजेचा नियंत्रित शॉक द्यायचा आणि ठोके पुन्हा लयीत आणायचे. शॉक क्षणभराचा असतो, तयारी मात्र अनेक आठवड्यांची. असं का?

'एट्रियल फिब्रिलेशन' या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत. तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. लय परतल्यावर ती सुटून मेंदूत गेली, तर पक्षाघाताचा धोका असतो. म्हणून तातडीची परिस्थिती नसेल, तर साधारणपणे आधी किमान 3 आठवडे आणि नंतर किमान 4 आठवडे रक्त पातळ करणारी गोळी न चुकता घ्यावी लागते.

एखादा डोस राहिला असेल तर लपवू नका. डॉक्टर तारीख पुढे ढकलतात किंवा अन्ननलिकेतून इको तपासणी करून गुठळी नाही ना, याची खात्री करतात.

शॉकआधी साधारण 6 तास काही खायचं नसतं, दुधाचा चहाही नाही. पण पोट रिकामं आहे म्हणून ही गोळी स्वतःहून बंद करू नका. मधुमेहाच्या औषधांबद्दल आधीच विचारून ठेवा. घरी न्यायला कुणीतरी सोबत हवं, कारण गुंगीनंतर 24 तास गाडी चालवायची नसते.