डेप्युटींची वार्षिक फेरी

सन १८८२ च्या ऑक्टोबरांत जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन ठेविलें. डेप्युटी इन्स्पेक्टरानें वर्षांतून एकदां शाळा पाहिल्यानें फारसें हित होत नाहीं. निदान दर तीन महिन्यांनीं, व एरवीं पूर्वसूचना न देतां, तपासणी व्हावी, असें त्यांचें म्हणणें होतें.

पुणें जिल्ह्यांतील आंदर मावळासारखें डोंगराळ, धो धो पावसाचें खोरें डोळ्यांपुढें आणिलें म्हणजे या मागणीचें मर्म कळतें. भातलावणीच्या दिवसांत पटावरचीं किती मुलें वर्गांत उरतात, हें वार्षिक भेटींत कसें दिसावें?

परंतु जोतीरावांनीं नुसता पहारा मागितला नाहीं. शिक्षक शिकवून तयार केलेला असावा व त्याचें वेतन १२ रुपयांहून कमी नसावें, हेंही त्याच निवेदनांत आहे. ज्याची परीक्षा वारंवार घ्यावयाची, त्याच्या पोटाचीही चिंता वाहिली पाहिजे.