अमळनेरचे मास्तर आणि मनाचा आलेख

नशिराबादहून जळगाव ओलांडून पश्चिमेला गेले की अमळनेर लागते. 1920 च्या सुमारास तिथल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत जगन्नाथ गणेश गुणे शिकवत असत. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. योगाचे फायदे केवळ ग्रंथात लिहिले आहेत म्हणून मानावेत, हे या मास्तरांना पटेना. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, चालू असताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले.

पोट मोजले, पण भिरभिरणारे मन कसे मोजणार? योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युत्‌लहरी प्रथमच टिपल्या.

हे दोन धागे जुळायला वेळ लागला. 1961 मध्ये दिल्लीच्या आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत सेकंदाला 8 ते 13 आवर्तनांच्या अल्फा लहरी ठळक होत्या. एवढ्यात नवल नाही. स्वस्थपणे डोळे मिटले की आपल्याही डोक्यात त्या उमटतात. पण जवळ मोठा आवाज झाला की आपल्या मोडतात. योग्यांच्या मोडल्या नाहीत!

मात्र ते मुरलेले साधक होते, तेही मोजकेच. प्रार्थनेनंतर दोन मिनिटे डोळे मिटून बसलेल्या सातवीच्या वर्गाबद्दल हा आलेख काहीच सांगत नाही.